'एफ' म्हणजे फेल नव्हे!

लाइव्ह स्ट्रीमच्या चॅटमध्ये धडाधड पडणारी ती चित्रं, ती एकेक अक्षरं... निव्वळ टीपी वाटतो ना? मलाही वाटायचा. मग एका रविवारी मी तिथे जाऊन चक्क भांडले आणि माझी विकेट पडली. त्यानंतर थेट शेणव्याला जाऊन शिकून आले, त्याची ही गोष्ट.

रविवारची रात्र. उद्या सोमवार, या विचारानेच पोटात गोळा आलेला. जेवण झालंय, भांडी सिंकमध्ये तशीच पडलीयत. मोबाइल उशीला टेकवून उभा केलाय आणि त्यावर एक मुलगा गेम खेळतोय. तुम्ही स्वतः गेम खेळत नाही, पण बघताय. बाजूला चॅट धावतंय. एकाने कवटी टाकली, दुसऱ्याने रडणारा चेहरा, तिसऱ्याने नुसतंच 'डब्ल्यू'. काय, ओळखीचा वाटतोय ना सीन?

माझाही असाच सीन होता. फरक इतकाच, की खेळणारा मुलगा माझा आतेभाऊ होता. राहणार शेणवा, तालुका शहापूर, जिल्हा ठाणे. वय २३. दिवसा शेतीची कामं आणि पोलिस भरतीची तयारी, रात्री साडेनऊनंतर यूट्यूबवर लाइव्ह. गेम बीजीएमआय. प्रेक्षक साधारण १९. हो, एकोणीस. एकोणीसशे नाही!

'ताई, एकदा येऊन तरी बघ,' असं तो सहा महिने म्हणत होता. शेवटी त्या रविवारी मी गेले. एक मॅच संपली, दुसरी सुरू व्हायची होती. मधल्या वेळात तो अगदी सहज म्हणाला, 'भाईलोक, भरतीच्या ग्राउंडची लिस्ट लागली. दोन मार्कांनी उडालो आपण.' आणि हसला.

झालं. चॅटमध्ये सुरू. एफ. एफ. एफ. एफ. मध्येच एक कवटी. परत एफ, एफ, एफ.

माझं डोकंच फिरलं. पोरगं पहाटे उठून १६०० मीटर पळत होतं, गोळाफेकीच्या सरावाने खांदा दुखवून घेत होतं, आणि हे लोक त्याच्या तोंडावर 'फेल, फेल' करतायत? मी तावातावाने टाइप केलं, 'दुसऱ्याच्या अपयशावर हसताना लाज नाही वाटत?' पाठोपाठ रागाने लाल झालेला चेहरा. तीन वेळा.

चॅट थांबलं. अक्षरशः थांबलं. मग कुणीतरी लिहिलं, 'ही कोण?' आणि पुढच्या क्षणी माझं टाइप करणंच बंद झालं. मॉडरेटरने मला पाच मिनिटांसाठी बाहेर बसवलं होतं. मास कॉमची डिग्री, सहा वर्षं लेखनाचा अनुभव, आणि शहापूर तालुक्यातल्या पोरांनी मला 'संवाद जमत नाही' म्हणून गप्प केलं होतं!

रात्री अकराला त्याचा फोन आला. 'ताई, एफ म्हणजे फेल नाही गं. आपण कुणाच्या मयताला गेलो की नुसतं जाऊन बसतो ना, काही न बोलता? तसं असतं ते.' मग थोडं थांबून म्हणाला, 'आणि प्लीज, घरी बोलू नको. आईला अजून सांगितलेलं नाही.'

फोन ठेवला, पण मला झोप येईना. ही बातमी त्याने आईच्या आधी १९ जणांना सांगितली होती. आणि त्या १९ जणांनी जे अक्षर टाकलं, ते मला वाचताच आलं नव्हतं.

आधी होमवर्क

पुढच्या शनिवारी शेणव्याला जायचं ठरवलं. त्याआधी पत्रकाराच्या सवयीने थोडं खोदकाम केलं. म्हटलं, या 'एफ'चा जन्म तरी कुठला?

तर २०१४मध्ये 'कॉल ऑफ ड्युटी : अॅडव्हान्स्ड वॉरफेअर' नावाचा गेम आला. त्यात एका सैनिकाच्या अंत्यसंस्काराचा प्रसंग आहे. खेळणारा शवपेटीजवळ जातो आणि स्क्रीनवर सूचना येते, आदरांजली वाहण्यासाठी एफ दाबा. लोकांनी याची भरपूर टिंगल केली. एवढं दुःख आणि ते व्यक्त करायला कीबोर्डचं एक बटण? पण टिंगल करता करता ते अक्षर रुजलं. आज कुणाचं नेट गेलं तरी एफ पडतो आणि कुणाचे आजोबा गेले तरी एफच पडतो. आधीच्या प्रसंगात त्यात थट्टा असते, नंतरच्या प्रसंगात नसते. कुठला एफ कसला, हे अक्षरावरून कळत नाही. त्या क्षणी तिथे असावं लागतं.

दुसरी गोष्ट कळली, ती म्हणजे इमोजी वेगळं आणि इमोट वेगळं. 'इमोजी' हा शब्द 'इमोशन'वरून आला असेल, असं तुम्हालाही वाटतं ना? अजिबात नाही! तो जपानी शब्द आहे. 'ए' म्हणजे चित्र, 'मोजी' म्हणजे अक्षर. १९९९मध्ये शिगेताका कुरिता यांनी जपानच्या डोकोमो या मोबाइल कंपनीसाठी १७६ चित्रांचा संच केला, प्रत्येक चित्र १२ बाय १२ ठिपक्यांत बसवलेलं. २०१६मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने तो संच आपल्या संग्रहात घेतला. त्याच्याही आधी, १९ सप्टेंबर १९८२ रोजी स्कॉट फालमन या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने विरामचिन्हं जोडून आडवा हसरा चेहरा सुचवला होता. कारण काय, तर कॉम्प्युटरवरच्या संदेशांत कोण चेष्टा करतंय आणि कोण सीरियस आहे, हे लोकांना कळेना! म्हणजे माझ्यासारखे लोक तेव्हाही होते तर.

इमोजीची यादी जगभर एकच असते, ती युनिकोड ठरवते. म्हणून तुमच्या फोनवरचा हसरा चेहरा माझ्या फोनवरही हसतो. इमोटचं तसं नाही. ते त्या त्या प्लॅटफॉर्मचं घरचं चलन. ठरावीक शब्द टाइप केला, की त्या जागी चित्र उमटतं. दुसऱ्या अॅपवर तोच शब्द टाका, नुसता शब्दच दिसेल. ही संस्कृती वाढली ती ट्विचवर. २००७मध्ये सुरू झालेल्या जस्टिन डॉट टीव्हीतून २०११मध्ये ट्विच निघालं आणि २०१४मध्ये अॅमेझॉनने ते ९७ कोटी डॉलरला विकत घेतलं. यूट्यूबने स्वतःचे इमोट डिसेंबर २०२२मध्ये आणले, सुरुवात अर्थातच गेमिंगपासून.

कप्पा कुणाचा?

ट्विचवरच्या सर्वांत गाजलेल्या इमोटांपैकी एकाचं नाव आहे 'कप्पा'. आपल्याला कपाटातला कप्पा आठवेल, पण हे नाव जपानी लोककथेतल्या पाण्यातल्या एका प्राण्याचं. चित्र मात्र एका खऱ्याखुऱ्या माणसाचं आहे. जोश डिसेनो हा जस्टिन डॉट टीव्हीमधला कर्मचारी चॅटचं काम बघायचा. त्याने गंमत म्हणून ऑफिसच्या ओळखपत्रावरचा आपला ब्लॅक अँड व्हाइट फोटो इमोटांमध्ये टाकून दिला. चेहऱ्यावर जरासं खवचट हसू. बस, तो चेहरा जगभर टोमण्याची खूण झाला. वाक्याच्या शेवटी कप्पा लावला, की आधीचं सगळं उलटं वाचायचं. 'आमचा बॉस फारच समजूतदार आहे, कप्पा.' आलं ना लक्षात? आता जरा तुमच्या गळ्यातल्या आयडी कार्डावरच्या फोटोकडे बघा आणि कल्पना करा!

हसण्याचेही प्रकार आहेत. 'लल' हा इमोट म्हणजे खदाखदा हसणारा ब्रिटिश गेम समीक्षक जॉन बेन. 'केकडब्ल्यू' म्हणजे स्पेनमधला विनोदी कलाकार ह्वान होया बोर्हा. त्याची २००७मधली टीव्हीवरची मुलाखत आणि त्यातलं ते श्वास अडकवणारं हसू जगभर पोचलं. बेन मे २०१८मध्ये गेला, बोर्हा एप्रिल २०२१मध्ये. त्यांचं हसू अजून रोज चॅटमध्ये पडतंय. टाकणाऱ्यांपैकी कितीतरी जणांना हे ठाऊकही नसेल.

आणि चेहरा घसरला तर? त्याचीही गोष्ट आहे. 'पॉगचॅम्प' हा आनंदाने आ वासलेला चेहरा होता रायन गुटिएरेझ या गेमरचा. कुणी भारी खेळी केली, की पॉगचॅम्पचा पाऊस. जानेवारी २०२१मध्ये अमेरिकेच्या संसदेवर हल्ला झाला, त्यावर या गुटिएरेझने हिंसेला उत्तेजन देणारी पोस्ट केली आणि ट्विचने तो चेहरा काढून टाकला. पण आनंद काढून टाकता येतो का? आधी रोज वेगळा चेहरा लावून बघितला आणि शेवटी लोकांच्या मतदानातून त्या जागी एक घोरपडीसारखा कोमोडो ड्रॅगन बसला. माणूस गेला, पण त्याच्या तोंडून लोकांनी काढलेला 'आहा!' तसाच राहिला.

चला शेणव्याला

कसारा लोकल, आसनगाव स्टेशन, मग शहापूर आणि तिथून पुढे जीपमध्ये दाटीवाटीने शेणवा. या तालुक्यातल्या भातसा-तानसाचं पाणी मुंबईला येतं, हे आपण शाळेत शिकतो. बदल्यात मुंबईकडून इथे इंटरनेट येतं. येतं म्हणजे, ओटीच्या उजव्या कोपऱ्यात येतं! आतेभावाचा 'स्टुडिओ' तिथेच आहे. एक प्लॅस्टिकची खुर्ची, एक स्टँड, पाठीमागे भाताची पोती.

२०१६मध्ये स्वस्त डेटा आला तेव्हा तो शाळेत होता. २०२०च्या लॉकडाऊनमध्ये पबजी शिकला, सप्टेंबर २०२०मध्ये त्यावर बंदी आली, जुलै २०२१मध्ये बीजीएमआय आला आणि पोरं परत एकत्र जमली. आजूबाजूच्या गावांतली, कॉलेजातली, भरतीच्या ग्राउंडवर भेटलेली.

मी मोठ्या रुबाबात त्याला सगळा इतिहास ऐकवला. जोश डिसेनो, गुटिएरेझ, सगळं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, 'ताई, एवढं आम्हाला काहीच माहीत नाही. आम्ही फक्त बघतो, कोण कधी काय टाकतं ते.'

घ्या! सहा दिवसांच्या रिसर्चचा एका वाक्यात निकाल. पण तेच खरं होतं. त्याच्या चॅटमध्ये ट्विचचे शब्द, यूट्यूबची चित्रं आणि आपली अक्षरं यांची मस्त खिचडी असते. 'ओपी' म्हणजे जबरदस्त. 'जीजी' म्हणजे चांगली मॅच झाली. 'डब्ल्यू' म्हणजे जिंकलास, 'एल' म्हणजे हरलास. कवटी म्हणजे 'हसून हसून मेलो', धाय मोकलून रडणारा चेहराही बरेचदा हसण्याचाच. आत्याने ती कवटी बघितली असती तर दृष्टच काढली असती!

'आणि मी उडालो म्हटल्यावर जी कवटी पडली ना, ती वेगळी,' तो म्हणाला. 'ज्याने टाकली, तो स्वतः एका मार्काने उडालाय. म्हणजे, मीपण मेलो भावा, असं.'

मी ज्याला थट्टा समजले, ती या पोराची सोबत होती.

मग आला झेंड्याचा धडा. माहुली गडाचा कुठलाही व्हिडिओ लागला, की इथल्या चॅटमध्ये त्रिकोणी झेंड्यांची रांग लागते. खरं तर तो इमोजी लाल रंगाचा आहे, पण आपल्याला तो भगवाच दिसतो. इंग्रजी इंटरनेटवर मात्र तोच 'रेड फ्लॅग', म्हणजे धोक्याची खूण. माझ्या एका मैत्रिणीने शिवजयंतीला ऑफिसच्या ग्रुपवर शुभेच्छा देऊन तीन झेंडे लावले, तर लंडनच्या टीम लीडने खासगीत विचारलं, 'सगळं ठीक आहे ना?' सांगा आता!

एकच अक्षर शंभर वेळा का?

'पण वाक्य का नाही लिहीत तुम्ही?' मी विचारलं. 'एफच्या ऐवजी वाईट वाटलं, असं लिहिता येत नाही का?'

त्याने एक मोठा स्ट्रीम लावून दाखवला. हजारो लोक. चॅट इतक्या वेगात वर सरकत होतं, की एकही वाक्य वाचून होईना. पण सगळ्यांनी एकच चिन्ह टाकलं, की पूर्ण पट्टी त्या रंगाची होत होती. एकट्याची टाळी ऐकू येत नाही, हजारांची येते. तसंच. मला २८ जुलै २०२५ची संध्याकाळ आठवली. सोमवार होता. नागपूरची दिव्या देशमुख बाटुमीला महिला विश्वचषकाच्या टायब्रेकमध्ये कोनेरू हंपीशी खेळत होती आणि मी एका क्लायंटच्या ऑफिसात लॅपटॉपवर कोपऱ्यात छोटी विंडो करून बसले होते. दिव्या जिंकली तेव्हा चॅटमध्ये नुसते तिरंगे आणि जोडलेले हात. मला बुद्धिबळातलं ओ की ठो कळत नाही, पण घशात आवंढा आला होता. तो कुठल्या वाक्याने आला नव्हता.

आणि खरं सांगू? हे आपल्याला नवं नाही. संगीत नाटकात 'वन्स मोअर'ची आरोळी उठायची, ती काय होती? दोन इंग्रजी शब्द, ज्यांना इंग्रजी येत नव्हतं तेही ओरडायचे. शाहिरामागे झीलकरी 'जी जी जी' करतात, त्या 'जी'चा अर्थ कुठल्या शब्दकोशात शोधणार? तमाशातला दौलतजादा आठवा. पैसे द्यायचे, नाव पुकारलं जायचं, फर्माईश पुरी व्हायची. यूट्यूबने २०१७मध्ये सुपरचॅट आणलं, त्यात यापेक्षा वेगळं काय आहे?

मग जो प्रश्न विचारायला आले होते, तो विचारला. 'आईच्या आधी त्यांना का सांगितलंस?'

तो खुर्चीचं प्लॅस्टिक खरवडत राहिला. 'घरी सांगितलं की पुढचा प्रश्न येतो. आता काय? पुढच्या वेळी तरी होणार का? चॅटमध्ये कुणी विचारत नाही. एफ टाकतात, संपलं.' मग म्हणाला, 'मी सांगितलं आणि समोर काहीच पडलं नसतं ना ताई, तर मात्र वाईट वाटलं असतं.'

नुसत्या एफवर सगळं भागत नाही, हेही त्यानेच सांगितलं. मला टाइमआउट देणारा तो मॉडरेटर शेजारच्या गावातला. दुसऱ्या दिवशी पहाटे बाइक घेऊन दारात हजर. 'चल ग्राउंडला' एवढंच म्हणाला.

आत्या म्हणाली, 'हूं'

रात्री आठला लाइट गेली. रेंजही गेली. लाइव्ह कॅन्सल. आम्ही तिघं ओटीवर बसलो आणि आत्याने तिच्या लग्नाची गोष्ट काढली. ओढ्याला पूर आला होता आणि वऱ्हाड पलीकडेच अडकलं होतं, ती. ही गोष्ट मी लहानपणापासून पन्नासदा ऐकली आहे, त्यामुळे नुसती बसून होते. तर आत्या मध्येच थांबली.

'हूं म्हणा की रे पोरांनो. मला कसं कळणार, ऐकताय का झोपलात ते?'

अंधारात आतेभावाने माझ्याकडे बघितलं असणार. मी तर त्याच्याकडे बघितलंच. हूं! इतका वेळ आम्ही काय शोधत होतो? गोष्ट सांगणाऱ्याला हुंकार लागतो. त्यात मत नसतं, सल्ला नसतो. मी आहे, ऐकतोय, पुढे सांग, एवढंच. एकोणीस जणांचा एफ म्हणजे एकोणीस जणांचा हुंकार होता आणि मी मध्येच उठून 'हसता काय?' म्हणून ओरडले होते.

गोष्ट संपली. वऱ्हाड पोचलं. थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग तो म्हणाला, 'आई, भरतीचं नाही झालं. दोन मार्क कमी पडले.'

मी श्वास रोखला. आता प्रश्न येणार.

'हूं,' आत्या म्हणाली.

मग बराच वेळाने, 'भात वाढू का?'

चॅटमध्ये शिरताय? मग हे वाचाच!

आधी दहा मिनिटं गप्प बसा : प्रत्येक चॅटची स्वतःची बोली असते. कोण, कधी, काय टाकतं ते बघा. नुसतं बघत बसणाऱ्यांना 'लर्कर' म्हणतात आणि त्यात काहीही कमीपणा नाही.

उशीर लक्षात घ्या : तुम्हाला दिसतं ते काही सेकंदांपूर्वीचं असतं. तुमचा हशा पोचेपर्यंत समोरचा माणूस दुःखाच्या गोष्टीवर आलेला असू शकतो.

पाना ओळखा : यूट्यूबच्या चॅटमध्ये नावापुढे पान्याचं चिन्ह असेल, तर तो मॉडरेटर. त्याच्याशी वाद घालू नका. मी घातला, निकाल तुम्हाला माहीत आहे!

मोठी गर्दी, छोटं चिन्ह : हजारोंच्या चॅटमध्ये एकच इमोट पुरे. पण १९ जणांच्या चॅटमध्ये नाव घेऊन एक वाक्य लिहिलंत, तर समोरच्याचा दिवस बनतो.

चेहरा खऱ्या माणसाचा असतो : कृष्णवर्णीय स्ट्रीमरचा आनंदी चेहरा वंशद्वेषी टोमण्यासाठी वापरल्याचे प्रकार ट्विचवर झाले आहेत. कुणाचा रंग, शरीर किंवा जात डिवचण्यासाठी कुठलंही चित्र वापरू नका. 'गंमत केली' ही पळवाट चालत नाही.

ऑफिसात जपून : कवटी, धाय मोकलून रडणं आणि झेंडा, या तिन्हींचा अर्थ तुमच्या मॅनेजरच्या फोनवर वेगळा असू शकतो. अप्रेझलच्या महिन्यात तर हात आवराच.

कळलं नाही, तर विचारा : 'नवीन आहे, याचा अर्थ काय?' एवढं लिहा. पाचातले तीन जण नक्की सांगतील. उरलेले दोघं कवटी टाकतील. ती हसण्याची असेल, घाबरू नका.